बागेच्या टोकाची मातीची खोली

काबूलच्या उत्तर भागात वझीर अकबर खान नावाची वस्ती आहे. परदेशी वकिलाती, उंच कुंपणभिंती आणि भिंतींपलीकडे बागा असलेली ऐसपैस घरं. खालेद होसैनी यांच्या ‘द काइट रनर’ या २००३ साली आलेल्या कादंबरीतलं घर याच वस्तीत आहे. व्यापारात भरपूर कमावलेल्या एका पश्तून गृहस्थाने ते मोठ्या हौसेने बांधून घेतलं. न्हाणीघरातल्या फरश्या त्याने स्वतः इस्फहानला जाऊन निवडल्या. भिंतींवरची जरीकामाची वस्त्रं कलकत्त्याहून आणली. दिवाणखान्यात एक जुनं छायाचित्र आहे. त्यात या गृहस्थाचे वडील आणि राजा नादिरशाह शिकार केलेल्या हरणापाशी बंदुका घेऊन उभे आहेत. साल १९३१.

त्याच आवारात, बागेच्या दक्षिण टोकाला, लोकाटाच्या झाडाच्या सावलीत मातीची एक खोली आहे. समोरासमोर दोन गाद्या, मधे झिजलेला हेराती गालिचा, कोपऱ्यात टेबल आणि तीन पायांचं स्टूल. इथे अली हा नोकर आणि त्याचा मुलगा हसन राहतात. हसनचा जन्म याच खोलीतला, १९६४ च्या हिवाळ्यातला. मोठ्या घरातला मुलगा अमीर त्याच्याहून एका वर्षाने मोठा. दोघं दिवसभर एकत्र खेळतात. दिवस मावळला की अमीर वरच्या मजल्यावरच्या आपल्या खोलीत जातो आणि हसन बाग ओलांडून मातीच्या खोलीत. त्या घरात अठरा वर्षं काढूनही अमीर त्या खोलीत मोजक्याच वेळा गेला, असं तो स्वतः सांगतो.

अफगाणिस्तानच्या राजकारणावर शेकड्यांनी पुस्तकं आहेत. राजा कधी गेला, रशियन कधी आले, तालिबानने काबूल कधी घेतलं, हे सगळं त्यांत मिळतं. या कादंबरीतही त्या तारखा येतात. पण मला वाटतं, तिच्यातला खरा इतिहास बाग ओलांडण्याच्या त्या तीस-चाळीस पावलांत आहे. म्हणून या प्रकरणात मी ती कादंबरी मोठ्या घरातून नव्हे, मातीच्या खोलीतून वाचणार आहे. कथानकातली गुपितं उघड केल्याशिवाय ते जमणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

अमीरच्या वडिलांना कादंबरीत नाव नाही. सगळीकडे ते फक्त ‘बाबा’. मराठी वाचकाला हा शब्द भाषांतर न करताच कळतो. आडदांड देह, मोठा आवाज, दानशूर स्वभाव. स्वतःच्या खर्चाने अनाथाश्रम बांधून देणारा माणूस. आपला मुलगा पुस्तकांत रमतो, मैदानात मार खाऊन घेतो, याची त्यांना खंत. हसनकडे मात्र ते ज्या मायेने बघतात त्याचं कारण अमीरला कळत नाही आणि तो आतल्या आत जळत राहतो. अमीरची आई त्याला जन्म देताना गेलेली. हसनची आई आठवड्याच्या आत बाळाला टाकून गाणं-नाच करणाऱ्या फिरत्या लोकांबरोबर निघून गेलेली. दोघांना एकाच दाईने पाजलं. म्हणजे ते दूधभाऊ. एका अंगावर दूध प्यालेल्यांचं नातं काळालाही तोडता येत नाही अशी तिकडची श्रद्धा, आणि आपल्याकडेही हा शब्द उगाच आलेला नाही.

पण एक पश्तून, दुसरा हजारा. एक सुन्नी, दुसरा शिया. इथे थोडं मागे जायला हवं.

अहमदशाह अब्दाली हे नाव मराठी माणसाला १७६१ च्या पानिपतामुळे कायमचं लक्षात आहे. अफगाणांच्या लेखी तोच ‘अहमदशाह बाबा’, १७४७ मध्ये कंदहारला टोळ्या एकत्र करून राज्य उभं करणारा. त्याने ‘दुर्रानी’ अशी पदवी घेतली. १९२९ मधले काही महिने सोडले तर तिथून थेट १९७८ पर्यंत अफगाणिस्तानची सत्ता याच दुर्रानी पश्तूनांच्या वेगवेगळ्या शाखांकडे राहिली. हजारा लोक राहत मधल्या डोंगराळ मुलखात, हजाराजातमध्ये. बामियान त्याच मुलखात येतं. बोली फारसीची, चेहऱ्याची ठेवण मध्य आशियातली. १८८० ते १९०१ या काळात राज्य करणाऱ्या अमीर अब्दुर रहमानने हा मुलूख आपल्या टाचेखाली आणायचं ठरवलं. १८९१ ते १८९३ च्या मोहिमांना त्याने धर्मयुद्धाचं रूप दिलं. गावंच्या गावं मारली गेली, कुरणं पश्तून भटक्यांना वाटून दिली गेली, बायका-मुलं बाजारात गुलाम म्हणून विकली गेली. जे निसटले ते क्वेट्ट्याकडे आणि इराणातल्या मशहदकडे गेले. गुलामी कायद्याने संपली ती १९२० च्या दशकात, अमानुल्लाच्या राज्यात. घरांतली नोकरी संपली नाही.

अमीरला हे शाळेत कोणी शिकवलेलं नाही. आईच्या जुन्या पुस्तकांत एका इराणी लेखकाचा ग्रंथ त्याला सापडतो आणि त्यात हजारांवर चक्क एक प्रकरण. ज्या माणसाने आपल्याला अंगाखांद्यावर खेळवलं त्याच्या जमातीवर आपल्याच लोकांनी काय केलं, हे मुलाला प्रथमच कळतं. तो ते पुस्तक शिक्षकांना दाखवतो. शिक्षक पानं चाळतात आणि नाक मुरडून परत देतात. पाठ्यपुस्तकात न आलेला इतिहास असा आईच्या पुस्तकातून मुलाच्या हातात येतो आणि तिथेच थांबतो, कारण अमीर त्याबद्दल अलीला किंवा हसनला एक शब्दही विचारत नाही.

अली त्या घरात आला कसा, तेही पाहण्यासारखं आहे. १९३३ साली दोन श्रीमंत तरुणांनी नशेत गाडी हाकून पगमानच्या रस्त्यावर एका हजारा जोडप्याला चिरडलं. खटला आला बाबांच्या वडिलांपुढे, ते न्यायाधीश. तरुणांना शिक्षा झाली कंदहारला वर्षभर लष्करात जाण्याची. मेलेल्या जोडप्याचा पाच वर्षांचा मुलगा न्यायाधीशांनी घरी आणला. तो अली. बाबा आणि अली एकत्र वाढले, एकत्र खोड्या केल्या. तरी बाबा अलीचा उल्लेख कधी ‘मित्र’ असा करत नाहीत, हे अमीरच्या लक्षात येतं. म्हणजे अमीर-हसनची गोष्ट ही दुसरी आवृत्ती. पहिली आधीच्या पिढीत घडून गेली आहे.

आता ते १९३३ साल आणि भिंतीवरचं छायाचित्र एकत्र ठेवून बघा. त्या छायाचित्रातला नादिरशाह ८ नोव्हेंबर १९३३ रोजी शाळेतल्या बक्षीस समारंभात गोळी लागून मेला. गोळी झाडली अब्दुल खालिक या विद्यार्थ्याने, आणि तो हजारा होता. त्याला आणि त्याच्या घरातल्यांनाही क्रूरपणे मारलं गेलं. त्याच दिवशी एकोणीस वर्षांचा झहीरशाह गादीवर बसला आणि पुढे चाळीस वर्षं राहिला. कादंबरी या मारेकऱ्याबद्दल काही बोलत नाही. पण दिवाणखान्यात राजाचं छायाचित्र आणि बागेच्या टोकाला हजारा नोकर, हे अंतर कुठून आलं ते एवढ्यावरून कळतं.

झहीरशाहची राजवट म्हणजे स्थलांतरित अफगाणांच्या आठवणीतला सोन्याचा काळ. १९६४ मध्ये त्याने संविधान दिलं, राजघराण्यातल्या माणसांना मंत्रिपदापासून दूर ठेवलं. त्याने दुखावला गेला तो त्याचा चुलतभाऊ आणि माजी पंतप्रधान दाऊद खान. सत्तरच्या सुमारास भीषण दुष्काळ पडला, डोंगराळ भागांत माणसं अन्नावाचून मेली आणि राजधानीला त्याची फारशी शुद्ध नव्हती. १७ जुलै १९७३ रोजी, राजा उपचारांसाठी इटलीत असताना, दाऊदने जवळजवळ रक्त न सांडता सत्ता घेतली. कादंबरीत ती रात्र मुलांच्या कानांनी येते: गोळ्यांचे आवाज, खिडक्यांचा थरथराट, अलीने दोन्ही मुलांना कवेत घेतलेलं. पहाटे बाबा घरी येतात आणि अमीरबरोबर हसनलाही मिठी मारतात. त्या पहाटे बागेतलं अंतर मिटल्यासारखं होतं. ते काही तासच.

होसैनींचं स्वतःचं आयुष्य या तारखांशी चिकटून चालतं. जन्म काबूलचा, १९६५ चा. वडील परराष्ट्र खात्यात, आई मुलींच्या शाळेत फारसी आणि इतिहास शिकवणारी. काही वर्षं कुटुंब तेहरानला होतं. तिथे त्यांच्याकडे एक हजारा स्वयंपाकी होता आणि तिसरीत शिकणाऱ्या खालेदने त्याला लिहायला-वाचायला शिकवलं, असं त्यांनी सांगितलं आहे. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, कारण कादंबरीतला अमीर नेमकं हेच करत नाही. तो डाळिंबाच्या झाडाखाली बसून हसनला ‘शाहनामा’ वाचून दाखवतो. पण एखाद्या अवघड शब्दाचा अर्थ हसनने विचारला तर त्याची गंमत करतो, मुद्दाम चुकीचा अर्थ सांगतो. हसनला आवडते ती रुस्तम आणि सोहराबची कथा. बाप रणांगणावर शत्रूला मारतो आणि मग त्याला कळतं की तो आपलाच मुलगा. हसन ती पुन्हा पुन्हा ऐकायला मागतो. ती आपल्याच घराची गोष्ट आहे हे त्याला ठाऊक नाही. अमीरलाही नाही. बाबांना आहे.

हिवाळा आला की काबूलमध्ये शाळा बंद आणि आकाशात पतंग. पतंगाला तिकडे ‘गुडीपरान’ म्हणतात, मांज्याला ‘तार’. मुलं तार घरीच करतात. शेकडो फूट दोरा कुटलेल्या काचेच्या आणि डिंकाच्या लगद्यातून ओढून घ्यायचा, झाडांमधे ताणून वाळवायचा आणि लाकडी चरख्यावर गुंडाळायचा. संक्रांतीला येवल्यात ज्याने आसारी धरली आहे त्याला इथे काही समजावून सांगायला नको: बोटांच्या पेरांवर पडलेले ते बारीक आडवे चिरे, मीठ-लिंबू लागलं की झोंबणारे. अमीर पतंग उडवतो, हसन चरखा धरतो आणि कटलेल्या पतंगामागे धावतो. कटलेला पतंग वाऱ्याने कुठे उतरणार हे हसनला आकाशाकडे न बघताही कळतं. शेजारी राहायला आलेला एक हिंदुस्थानी मुलगा आपल्याकडचे पेच लावण्याचे नियम सांगू लागतो, तर ही काबूलची पोरं त्याला हसतात. त्यांच्या खेळात नियमच नसतो. काटायचं आणि लुटायचं, बस्स.

१९७५ च्या हिवाळ्यातली स्पर्धा अमीर जिंकतो. शेवटी कटलेला निळा पतंग म्हणजे विजयाची खूण. ती हाती आली तर बाबा आपल्याला जवळ घेतील, हा त्याचा एकच ध्यास. हसन धावतो. बराच वेळ परत येत नाही. अमीर शोधत जातो आणि एका गल्लीच्या तोंडाशी थांबतो. आत आसफ नावाचा वस्तीतला श्रीमंत गुंड आणि त्याचे दोन साथीदार यांनी हसनला घेरलेलं आहे. पतंग दे आणि सुट, असा सौदा आहे. हसन पतंग देत नाही. पुढे त्याच्यावर जो अत्याचार होतो तो अमीर भिंतीआडून बघतो आणि पळून जातो. त्या क्षणी त्याच्या मनात जे येतं ते कादंबरीतलं सर्वांत निष्ठुर वाक्य असेल. ते मी इथे देत नाही, पण त्याचा आशय एवढाच की हसन शेवटी एक हजारा आहे. नादिरशाहचं छायाचित्र, शिक्षकांनी मुरडलेलं नाक, आईच्या पुस्तकातलं न विचारलेलं प्रकरण, सगळं त्या एका विचारात येऊन उभं राहतं.

त्यानंतर अमीरला हसन डोळ्यांसमोर नको होतो. १९७६ च्या उन्हाळ्यात आपल्या तेराव्या वाढदिवसानंतर तो मातीच्या खोलीत जातो. त्या खोलीत त्याने स्वतःहून पाऊल टाकल्याचे प्रसंग किती थोडे, आणि त्यातला हा एक. वाढदिवसाला मिळालेलं घड्याळ आणि थोडे पैसे तो हसनच्या गादीखाली ठेवतो. बाबा विचारतात, तू चोरलंस का? हसन हो म्हणतो. अमीरला वाचवण्यासाठी हो म्हणतो. बाबा तिथल्या तिथे माफ करतात, पण अली म्हणतो, आम्ही आता इथे राहू शकत नाही. बाबा विनवण्या करतात, रडतात. पावसात त्यांना गाडीत घालून बसच्या थांब्यापर्यंत सोडतात. बापलेक हजाराजातला निघून जातात.

अफगाण देशत्यागाबद्दल बोलताना आपण रशियन फौजांपासून सुरुवात करतो. या कादंबरीतला पहिला देशत्याग मात्र फौज येण्याच्या साडेतीन वर्षं आधी झाला आहे. त्यात सरहद्द ओलांडली गेली नाही, कोणी कागदपत्रं तपासली नाहीत. घरातून हाकलले गेलेले पहिले निर्वासित म्हणजे अली आणि हसन, आणि त्यांना हाकलणारा होता तेरा वर्षांचा एक मुलगा, ज्याचं त्यांच्यावर प्रेम होतं. त्याच १९७६ साली होसैनींच्या वडिलांची बदली पॅरिसला झाली आणि अकरा वर्षांचा खालेद काबूल सोडून गेला. सत्तावीस वर्षं परतला नाही.

पुढचा इतिहास वेगाने आला. १७ एप्रिल १९७८ रोजी मीर अकबर खैबर या साम्यवादी नेत्याचा खून झाला. दहा दिवसांत लष्करातल्या साम्यवाद्यांनी राजवाडा घेतला आणि दाऊदला कुटुंबासह मारलं. त्यांचे अवशेष काबूलबाहेरच्या एका खड्ड्यात सापडायला २००८ साल उजाडलं. नव्या राजवटीने जमिनी वाटल्या, लग्नाचे कायदे बदलले, आणि ज्यांनी विरोध केला किंवा करतील असं वाटलं त्यांना पुल-ए-चर्खीच्या तुरुंगात नेलं. १९७८-७९ मध्ये अशा नाहीशा झालेल्या सुमारे पाच हजार माणसांची यादी २०१३ मध्ये नेदरलँड्सच्या तपास अधिकाऱ्यांनी प्रसिद्ध केली, तेव्हा पस्तीस वर्षं वाट पाहणाऱ्या घरांना आपलं माणूस गेल्याचं कागदावर कळलं. या राजवटीचा प्रमुख तराकी याला त्याच्याच सहकाऱ्याने, अमीनने, संपवलं; अमीनला डिसेंबर १९७९ मध्ये सोव्हिएत कमांडोंनी. बबराक करमालला गादीवर बसवलं गेलं. होसैनी कुटुंब पॅरिसमध्ये होतं. परतायला देश उरला नव्हता. १९८० मध्ये ते अमेरिकेच्या आश्रयाला गेले, कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेला.

बाबा आणि अमीर निघतात मार्च १९८१ मध्ये, मध्यरात्री, ट्रकमधून. तपासणी नाक्यावर एका रशियन शिपायाला ट्रकमधली एक तरुण बाई हवी असते, आणि बाबा उठून उभे राहतात. गोळी घालायची तर घाल म्हणतात. जलालाबादला उंदीर फिरणाऱ्या तळघरात काही दिवस. मग पेट्रोलच्या टाकीत बसून पेशावर. टाकीत अंधार, डोळ्यांत आणि घशात वाफ. अमीरच्या ओळखीचा एक मुलगा वाटेतच गुदमरून जातो. हे सगळं वाचताना एक गोष्ट विसरू नये, आणि कादंबरीही विसरू देत नाही: या जिवावरच्या प्रवासालाही पैसे लागतात. दलाल लागतो, पेशावरला ओळख लागते, पुढे व्हिसा लागतो. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस सुमारे साठ लाख अफगाण पाकिस्तान आणि इराणात निर्वासित होते. त्यांतले बहुतेक तंबूत आणि मातीच्या घरांतच थांबले. कॅलिफोर्नियापर्यंत पोचणारे थोडे, आणि ते बहुतांशी वझीर अकबर खानसारख्या वस्त्यांतले.

अमेरिकेतली प्रकरणं मला सर्वांत जिवंत वाटतात. फ्रीमाँट गावात अफगाण इतके जमले की त्या भागाला ‘लिट्ल काबूल’ म्हणू लागले. बाबा पेट्रोल पंपावर बारा-बारा तास उभे राहतात. सरकारी मदतीची धान्याची कुपनं मात्र अधिकाऱ्याच्या टेबलावर परत ठेवून येतात. होसैनींच्या घराला प्रत्यक्षात काही काळ अशीच मदत घ्यावी लागली होती. मुत्सद्दी म्हणून जगलेल्या बापाचा चेहरा त्या दिवसांत मुलाने पाहिला होता, म्हणून तो प्रसंग असा उतरला असावा. शनिवारी बाप-लेक जुन्या व्हॅनमधून लोकांच्या दारांत मांडलेल्या जुन्या वस्तू विकत घेत फिरतात आणि रविवारी सॅन होजेच्या जुन्या बाजारात विकतात. टाकाऊ शिलाई मशीन, टेनिसच्या जुन्या रॅकेटी, एक डोळा निखळलेल्या बाहुल्या. त्या बाजारात अफगाणांची एक अख्खी ओळ आहे. थर्मासमधून हिरवा चहा, बदाम, काबूलच्या बातम्या, कोणाची सोयरीक जमली, कोणाची मोडली. एका टेबलामागे माजी राजदूत, दुसऱ्यामागे माजी शल्यविशारद. एक माजी सेनाधिकारी, जनरल ताहेरी, करड्या रंगाचा सूट घालून खिशातल्या घड्याळाला किल्ली देत बसतो. आज ना उद्या देश मोकळा होईल, आपल्याला बोलावणं येईल, म्हणून तो हलकंसलकं काम करत नाही. सरकारी भत्त्यावर राहतो. त्याचीच मुलगी सोराया पुढे अमीरची बायको होते. या बाजारात हसनसारखं कोणी भेटत नाही. चहा ओतायला आता सगळ्यांना स्वतःच उठावं लागतं.

आणि मातीची खोली? ती या काळात रिकामी होती. बाबांचे स्नेही रहीम खान घर सांभाळत होते, म्हातारपणाने आणि एकटेपणाने थकलेले. १९८६ मध्ये ते हजाराजातला जाऊन बामियानजवळच्या एका खेड्यात हसनला शोधून काढतात. अली भूसुरुंगावर पाय पडून गेलेला. हसनचं लग्न झालेलं, बायको फरझाना गरोदर. रहीम खान त्याला काबूलला बोलावतात. तो येतो, पण मोठ्या घरात राहायला नकार देतो. सगळ्या खोल्या रिकाम्या असताना नवरा-बायको बागेच्या टोकाच्या खोलीत संसार मांडतात. हसन गुलाब लावतो, भिंती रंगवतो, पिवळी पानं खुडतो, जणू कोणीतरी परत येणार आहे. आणि तो लिहा-वाचायला शिकतो. जे अमीरने शिकवलं नाही ते. मग अमीरला पत्र लिहितो, सोबत आपल्या मुलाबरोबरचं छायाचित्र. मुलाचं नाव सोहराब.

२७ सप्टेंबर १९९६ रोजी तालिबान काबुलात शिरले. १९९२ पासून, एके काळी रशियनांशी लढलेल्या मुजाहिदीन गटांनी एकमेकांवर रॉकेटं डागून शहर उद्ध्वस्त केलेलं. लोकांनी सुटकेचा श्वास सोडला. हसनने सोडला नाही. लवकरच पतंगांवर बंदी आली. ऑगस्ट १९९८ मध्ये मझार-ए-शरीफ पडलं आणि तिथे हजारांना घराघरांतून बाहेर काढून मारलं गेलं. मानवी हक्क संघटनांच्या मते बळी दोन हजारांहून कमी नव्हते. रहीम खान औषधोपचारासाठी पेशावरला गेल्यावर वझीर अकबर खानमध्ये एक तक्रार जाते: एवढ्या मोठ्या घरात एक हजारा कुटुंब एकटंच राहतंय. तालिबानी येतात. हसन सांगतो, मी घर राखतोय. त्यांना ते पटत नाही. त्याला रस्त्यावर गुडघ्यांवर बसवून डोक्यात मागून गोळी घालतात. धावत आलेल्या फरझानालाही. जो माणूस आयुष्यात त्या घराला स्वतःचं म्हणाला नाही, तो ते घर बळकावल्याच्या आरोपावरून मेला.

हे सगळं अमीरला कळतं २००१ मध्ये, पेशावरमध्ये, रहीम खानच्या तोंडून. त्याच बैठकीत हेही कळतं की हसन अलीचा मुलगा नव्हता. तो बाबांचा होता. दूधभाऊ नव्हे, भाऊ.

होसैनींनी मार्च २००१ मध्ये हे लिहायला घेतलं. ते तेव्हा डॉक्टर होते आणि पहाटे उठून, कामावर जाण्याआधी लिहीत. तालिबानने पतंग उडवायला बंदी केल्याची बातमी त्यांनी १९९९ मध्ये पाहिली होती. त्यावरून एक लघुकथा झाली होती, तीच वाढली. सप्टेंबरात अमेरिकेवर झालेल्या हल्ल्यांनंतर ते थांबले. पत्नीने आग्रह धरला म्हणून पुन्हा बसले.

या कादंबरीवरचे आक्षेप मी मनापासून वाचले आहेत आणि काही मला मान्य आहेत. आसफ हा खलनायक हिटलरचा भक्त, पुढे तालिबानचा अधिकारी, आणि नेमकं सोहराबला पळवणाराही तोच; हे योगायोग फार सोयीचे आहेत. हसन इतका चांगला की माणूस कमी आणि अमीरच्या मनाला टोचणारा काटा जास्त. त्याला राग का येत नाही? त्या गल्लीनंतर मातीच्या खोलीत रात्री तो काय विचार करत होता? कादंबरी सांगत नाही, आणि हीच तिची मोठी उणीव. हसनचा आवाज आपल्याला फक्त एका पत्रात मिळतो. पण अमीरच्या लेखणीतून ही गोष्ट येणार असेल तर ती खोली अंधारीच राहणार, कारण अमीर तिच्यात फारसा गेलाच नाही. दुसरा आक्षेप परदेशातल्या काही अफगाणांचा: घरातलं भांडण चव्हाट्यावर कशाला आणायचं? तो मला मुळीच मान्य नाही. २००७ मध्ये चित्रपट आला तेव्हा त्यात काम केलेल्या काबूलच्या मुलांना जिवाच्या भीतीने संयुक्त अरब अमिरातीत हलवावं लागलं, आणि अफगाण सरकारने चित्रपट देशात येऊ दिला नाही. ८ मे २०२१ रोजी पश्चिम काबूलमधल्या दश्त-ए-बर्ची या हजारा वस्तीत मुलींच्या शाळेबाहेर स्फोट झाले. ऐंशीहून अधिक जीव गेले, बहुतेक शाळकरी मुली. हे चव्हाट्यावर आणलं नाही म्हणून थांबलेलं नव्हतं.

अमीर काबूलला जातो आणि सोहराबला घेऊन येतो. वाटेत जुनं घर बघायला थांबतो. गाड्या उभ्या राहतात तिथे तेलाचे डाग, रंग उडालेला, हिरवळ गेलेली. त्याला ते आठवणीतल्यापेक्षा लहान वाटतं. कादंबरीचं हस्तलिखित पूर्ण झाल्यावर, मार्च २००३ मध्ये, होसैनी स्वतः काबूलला गेले आणि वझीर अकबर खानमधलं आपल्या वडिलांचं घर त्यांनी शोधून काढलं. अमीरच्या पावलांवर पाऊल टाकत लेखक गेला होता.

सॅन फ्रान्सिस्कोतल्या अमीरच्या घरी जनरल ताहेरी जेवायला येतात आणि विचारतात, लोकांना काय सांगायचं, आपल्या मुलीच्या घरात हा हजारा पोरगा का आहे? अमीर शांतपणे सांगतो की तो आपल्या वडिलांचा नातू आहे, त्याला नाव आहे, आणि पुन्हा आपल्यासमोर त्याला तसं म्हणायचं नाही. सोहराब एक शब्द बोलत नाही. जवळजवळ वर्षभर बोलणार नाही. सोरायाने त्याच्यासाठी वरच्या मजल्यावरची अभ्यासाची खोली रिकामी केली आहे. पलंगावरच्या चादरीवर निळ्या आकाशात पतंग आहेत. कपाटाशेजारच्या भिंतीवर तिने फूट आणि इंचांच्या खुणा आखून ठेवल्या आहेत, पोरगं वाढेल तशी उंची मोजायला.